पहिल्या शंभर गोळ्या

१

चंपतराव भोयरच्या रक्तात फेफऱ्याचं औषध नेहमीच्या चौपट निघालं आणि सोमवारी त्याच्या बायकोला अटक करायची, असं पोलिसांनी ठरवलं. १९७३ चा जून होता. शनिवारी सकाळी इन्स्पेक्टर गोपाळराव डहाके घामाने निथळत माझ्या ऑफिसात आले, एक तपकिरी बाटली त्यांनी टेबलावर ठेवली आणि माझ्यासाठी मागवलेलं ताक न विचारता पिऊन टाकलं.

"दत्तोपंत, एक सही पाहिजे," मिशा पुसत ते म्हणाले. "या गोळ्या बरोबर आहेत, एवढं लिहून द्या. बस. बाई आत."

मी दत्तोपंत हरकरे, औषध निरीक्षक. दहा वर्षं फार्मसीच्या पोरांना शिकवलं, कंटाळलो, सरकारी नोकरीत आलो आणि इथे त्याहून जास्त कंटाळलो. लोकांना वाटतं हा माणूस भेसळवाल्यांना पकडत हिंडत असेल. मी गोळ्या कुटतो, तपासतो आणि सह्या करतो.

चंपतराव हिंगणा रोडवरच्या शुक्रतारा लॅबोरेटरीजमध्ये गोळ्यांच्या मशीनवरचा मुख्य कारागीर. वय पंचेचाळीस. लहानपणापासून फेफरं. अकरा वर्षं तो आपल्याच कारखान्यातल्या तीन गोळ्या रोज घेत होता. चोवीस मेच्या सकाळी साडेआठला नंदनवनातल्या घराच्या जिन्यावरून पडला. जिन्याला अजून कठडा बसायचा होता. डोकं फुटलं, जागीच गेला.

"बाटली शंभराची," मी म्हणालो. "पाच मेला उघडली, रोज तीन, शेवटच्या सकाळी एक. उरल्या बेचाळीस. एकही जास्त गेलेली नाही."

"बाटलीतल्या नाई गेल्या. कारखान्यात लाखानं बनतात ना गा? दोन मुठी घरी आणाले काय लागते? अन् बाईनं स्वतः कबूल केलं, गोळ्या कुटून, वाटीत कालवून तीच पाजत होती. मोठ्या दिराचा अर्ज आहे, बापूजीचा. पोरगी बी आता तोच नेणार."

बाटलीतल्या नमुन्याच्या गोळ्या त्यांनी आधीच पाठवल्या होत्या आणि मी त्या आदल्याच दिवशी तपासल्या होत्या. प्रत्येकीत औषध शंभर मिलिग्रॅम, लेबलावर होतं तेवढंच. म्हणजे गोळीत खोट नाही, म्हणजे खोट हातात, म्हणजे बाई आत. माझ्या प्रामाणिक सहीने एक बाई फासावर जाऊ शकत होती आणि मी पेन उचललंही होतं.

मग मनात एक सरळ हिशेब आला. चौपट औषध म्हणजे दिवसाला बारा गोळ्या. म्हणजे एकेका वेळी वाटीत चार गोळ्यांचा पांढरा रबडा. ज्या माणसाने अकरा वर्षं या गोळ्या घेतल्या आणि मशीनवर पाडल्याही, तो हे मुकाट्याने कसा पिईल?

"सही सोमवारी," मी म्हणालो.

"सोमवारी मी तिले उचलणार," गोपाळराव म्हणाले. "तुमची सही असो, नाही तं नसो."

२

नंदनवनात तेव्हा अर्धी घरं आणि अर्धे प्लॉट होते. मनकर्णाबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. सातवीतली मुलगी चारुलता दाराआडून माझ्याकडे पाहत होती. पोलीस येऊन गेलेल्या घरात नव्या माणसाकडे पाहतात तसं.

"गोळ्या कुटत काहून होता?" मी विचारलं.

"एकडाव गोळी घशात अडकली होती त्याईच्या. लय भेले तवापासून. मंग मीच कुटून देत होती. आज नाई, सात-आठ वर्स झाले."

"या बाटलीतल्याही तशाच दिल्या?"

"तशाच. तीन म्हणजे तीन. चौथी नाई." आवाजात रडं नव्हतं. ते आधीच संपलं असावं. "या गोळ्या तं गुणाच्या होत्या साहेब. दर महिन्याले एक-दोन झटके येतच होते त्याईले. या महिन्यात एकबी नाई. मी मारोतीले नारळ बोलली होती."

"मग तब्येत कधी बिघडली?"

"धा-बारा दिवसांनी. चालताना झोक जाये. जीभ जड झाली. मले म्हणत, मनकर्णा, दिवे दोन काहून लावले? एकच होता दिवा. डोळे असे थरथरून राहिले होते. शेजारचे म्हणत, दारू प्याले लागला. त्याईनं कधी विडी वढली नाई."

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"म्हटलं मी. ते म्हणे, कारखान्यात विचारलं, उन्हानं होते म्हणतात, गोळी चुकवू नको."

"कोण म्हणालं तसं?"

"नाव नाई घेतलं त्याईनं."

मी उठायला लागलो. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "वाटी बी किती सोपी झाली होती. आंधी तळाशी रेती बसे पांढरी. बोटानं खरडून, परत पाणी टाकून पाजा लागे. या बाटलीतल्याचं काहीच बसत नव्हतं. पाणी तेवढं दुधावानी होये, अन् वाटी साफ."

मी परत खाली बसलो. गोपाळरावांनी याच वाटीवर बाईचा गुन्हा उभा केला होता. त्यांनी वाटी कोणी भरली ते विचारलं, वाटीत काय उरलं ते विचारायचं राहून गेलं.

३

इथे थोडं सांगावं लागेल. फेफऱ्याचं हे औषध पाण्यात विरघळायला मोठं नाखूश. आणि जे विरघळत नाही ते रक्तात जात नाही. गोळीत शंभर मिलिग्रॅम असलं तरी पोटात पंचवीस-तीसच लागू पडतं, बाकीचं आलं तसं निघून जातं. त्यावर आमचा कायदा असा की गोळीत औषध किती आहे ते मोजा. पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते कायदा विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

चंपतरावच्या गोळ्या विरघळत होत्या. औषध तेवढंच, पण अंगी लागणारं जास्त. त्यात या औषधाचा स्वभाव वाईट. एका हद्दीपर्यंत शरीर ते निस्तरतं. हद्द ओलांडली की थोडं जास्त गेलं तरी रक्तात साठतच जातं. दहा-बारा दिवसांनी डोळे थरथरतात, एकाचे दोन दिसतात, तोल जातो.

प्रश्न एवढाच होता, की या गोळ्या त्याच्याकडे आल्या कुठून?

शुक्रताराचे मालक मनोहरराव यांनी मला खुर्ची दिली, कूलर माझ्याकडे वळवला आणि घाम मात्र त्यांनाच आला.

"चंपत बाजारातली बाटली घेतच नव्हता," ते म्हणाले. "आमच्याकडे रीत आहे. नवी बॅच लागली की नारळ फोडतो, अन् पहिला डबा मी माझ्या हातानं मशीनमध्ये ओततो. त्याच्या पहिल्या शंभर गोळ्या चंपतच्या. मशीन बसेपर्यंत वजन कमी-जास्त पडते, म्हणून त्या डब्यातल्या सगळ्याच गोळ्या फेका लागतात. हा फेकू देत नव्हता. एकेक तोलून, बरोबर वजनाच्या शंभर वेचून घरी नेत होता. अकरा वर्षांत एक बॅच चुकली नाही."

"बाटलीवर त्याच्या हातचं लिहिलंय, बॅच एक्केचाळीस. तो डबा कोणी भरला?"

"लहानूनं. तोच भरतो."

लहानू भुकटी कालवणारा कामगार, पन्नाशीचा, कोपरापर्यंत पांढरा. "मीच भरला साहेब," तो म्हणाला. "मोठ्या पिपातून काढला, मशीनपाशी ठेवला. मंग बाई ओल पाहाले डबा आत घेऊन गेल्या. त्या दरवक्ती नेतात. आणून देला. चंपतभाऊनं धरला, मालकानं ओतला. चंपतभाऊ म्हणजे माह्या भावावानी. त्याले मी काही करीन का गा?"

"तो झोक जात चालायचा, तेव्हा तू काय म्हणालास?"

"म्हटलं, उन्हाचं हाय, कांदा ठेव खिशात."

मनोहररावही उन्हाचंच म्हणाले होते. सगळा कारखाना तेच म्हणत होता.

'बाई' म्हणजे तिथली केमिस्ट, अरुंधती पांढरीपांडे. माझी विद्यार्थिनी. दहा वर्षांत मी शिकवलेल्या पोरांपैकी दोघा-तिघांनाच खरं डोकं होतं, त्यातली ही पहिली. मला पाहून ती उभी राहिली. टेबलावर परदेशी मासिकं, स्टोव्हवर एक कढई, कढईत मेणासारखं काही थिजलेलं.

"सर, चंपतभाऊंचं फार वाईट झालं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते. मी माणसं ओळखायला चुकतो, पण इतकाही नाही.

मी तिला जास्त काही विचारलं नाही. मला आधी माझं कपाट उघडायचं होतं.

४

प्रत्येक बॅचची एक बाटली आमच्या ऑफिसात सीलबंद राहते. बॅच एक्केचाळीसचीही होती. मी दोन मोठ्या बरण्यांत सारखं पाणी घेतलं, अंगाइतकं कोमट. एकीत कपाटातली गोळी, दुसरीत चंपतरावच्या बाटलीतली. अर्धा तास ढवळलं, गाळलं आणि पाण्यात किती उतरलं ते मोजलं. असली तपासणी कुठल्या नियमात नव्हती. मला वेड लागलंय अशा नजरेने शिपाई पाहत होता.

कपाटातल्या गोळीतून पाण्यात उतरलं पाव भागाहून थोडं जास्त. तळाशी पांढरी रेती, मनकर्णाबाई खरडायची तीच. चंपतरावच्या गोळीतून पाऊण भाग उतरला होता.

मी खुर्चीवर बसलो. पूर्ण बॅच बदललेली असती तर कारखान्याची चूक म्हणता आलं असतं. पण बॅच जशीच्या तशी होती. फक्त पहिल्या शंभर गोळ्या वेगळ्या होत्या आणि त्या कोणाच्या पोटात जाणार हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. कुणीतरी डबाभर निराळी भुकटी मुद्दाम चंपतरावसाठी तयार केली होती.

गोपाळरावांना फोन लावला. ते पूर्ण ऐकून घेणारे गृहस्थ नव्हेत, त्या दिवशी घेतलं.

"डबा ओतला मालकानं," ते म्हणाले. "मंग मालकाले उचलू का?"

"थांबा," मी म्हणालो. "उद्यापर्यंत कोणालाच उचलू नका."

५

रात्रभर मी तीन नावं फिरवत बसलो. डबा लहानूने भरला, अरुंधतीने आत नेला, मालकाने ओतला. संधी तिघांनाही सारखी.

रविवारी सकाळी दाढी करताना कळलं की मी चुकीचा प्रश्न धरून बसलोय. चंपतरावला कोण मारू पाहत होतं, असं मी विचारत होतो. पण मारायचं असतं तर कोणी शंभर गोळ्या कशाला करील? त्यातही औषध तेवढंच ठेवून, तेहतीस दिवस पुरतील अशा? विषाला एक दिवस पुरतो. शिवाय कठडा नसलेल्या जिन्यावरून तो पडेल, हे कोणाला ठाऊक असणार? तो मेलाच नसता, नुसता आजारी पडला असता, तर खुनी हात चोळत बसला असता.

म्हणजे मारायचं नव्हतं. या गोळ्यांनी माणसाला काय होतं ते पाहायचं होतं. अकरा वर्षं नेमाने तीन गोळ्या घेणारा, महिन्याला एक-दोन झटके ठरलेले, रोज डोळ्यांसमोर काम करणारा आणि विचारलं तर खरं सांगणारा माणूस. याहून चांगला माणूस प्रयोगाला मिळणार नव्हता. म्हणून त्याला गोळी चुकवू नको म्हणून सांगितलं. मध्ये गोळी चुकली की प्रयोग फुकट.

आणि प्रयोग करणारा माणूस लिहून ठेवतो. लहानूला लिहिता येत नव्हतं. मनोहररावांना चेकवरच्या सहीपलीकडे लिहायचा कंटाळा. उरलं एकच नाव, आणि ते मला नको होतं. कारण प्रत्येक प्रयोगाची वही ठेव, तारीख घाल, खाडाखोड करू नकोस, हे तिला मीच शिकवलं होतं.

६

अरुंधती धंतोलीत आईबरोबर राहायची. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "वही आणते, सर."

वही नीटनेटकी होती. अक्षर तेच, परीक्षेत मी ज्याला दोन मार्क जास्त द्यायचो ते.

'पाच मे. सुरुवात. बारा मे. झटका नाही. झोप चांगली. सतरा मे. एकाचे दोन दिसतात म्हणतात. एकोणीस मे. चालताना तोल जातो. जीभ जड. मात्रा कमी करावी का? एकवीस मे. झटका अजून नाही. सरकारी टेंडरचा नमुना अठ्ठावीसला जायचा आहे. आणखी चार दिवस पाहू.'

त्यापुढे चोवीस मे ही तारीख होती आणि तिच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"पाण्यात विरघळणाऱ्या मेणात औषध वितळवलं, सर. थिजवून बारीक केलं. औषध त्यात इतकं विखुरतं की पोटात गेल्यावर त्याचा खडा राहत नाही. तीन वर्षं करून राहिले मी हे. सरकारी दवाखान्यात एक नऊ वर्षांची मुलगी पाहिली होती. आमच्याच गोळ्या घेत होती. गोळ्या तशाच बाहेर पडायच्या. झटका आला, चुलीत पडली. तुमच्या ऑफिसनं त्या बॅचला पास म्हटलं होतं."

मला आठवत नव्हतं. मी इतक्या बॅचना पास म्हटलं होतं.

"मग मात्रा कमी का नाही केलीस? जास्त विरघळते तर पन्नासची गोळी करायची."

"पन्नासची गोळी तुम्ही नापास केली असती. लेबलावर शंभर, तर आत शंभरच पाहिजे. सशांना दिलं, काही झालं नाही. माणसावर करायला परवानगी मागितली असती तर दोन वर्षं कागद फिरला असता. टेंडर गेलं असतं. पुन्हा त्या रेतीच्या गोळ्या गेल्या असत्या गावोगाव."

"तोल जातोय हे तुला एकोणीसला दिसलं. एकवीसला दिसलं."

तिने वही मिटली.

"आणि मनकर्णाबाईला उद्या अटक आहे, हे कधी कळलं?"

"गुरुवारी," ती म्हणाली. "मी दोनदा पोलीस स्टेशनच्या दारापर्यंत गेले. आत जाववलं नाही. वाटलं, पुरावा नाहीच तर सुटतील त्या. वाटलं, गोळी तर चांगली आहे ना. मी गेले तर गोळीही जाईल."

मला तिचा भयंकर राग आला. आणि ती म्हणत होती ते बरोबर होतं, गोळी खरोखर चांगली होती, याचा त्याहून जास्त राग आला. मात्रा अर्धी केली असती तर चंपतराव कदाचित जन्मात पहिल्यांदा धडधाकट हिंडला असता. हजारो लोक हिंडले असते. तेवढ्यासाठी एकोणीसलाच गोळी थांबवायची होती आणि एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं.

"चल," मी म्हणालो. "गोपाळराव वाट पाहताहेत."

ती आईला सांगायला आत गेली. मग ती चप्पल घालून बाहेर आली.

७

सोमवारी मनकर्णाबाईला अटक झाली नाही. गोपाळराव म्हणाले, अरुंधतीवर निष्काळजीपणाचं कलम लागेल, फार तर दोन वर्षं. "बाकी करता काय गा? गोळी तं कायद्यात बसते." मनोहररावांनी वकील दिला आणि टेंडर मागे घेतलं. बापूजीचा अर्ज फाइलमध्ये गेला.

संध्याकाळी मी नंदनवनात गेलो. हे काम माझं नव्हतं, पण दुसऱ्या कोणी केलं नसतं. मी सगळं सांगितलं. मेण, डबा, वही, तारखा. मनकर्णाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. चारुलता आईला चिकटून बसली होती.

"म्हणजे त्याईले मालूम नव्हतं?" शेवटी मनकर्णाबाईने विचारलं.

"नाही."

"विचारलं असतं तं ते हो म्हणले असते साहेब. एका पायावर. अकरा वर्स तेच तं म्हणत होते, का ही गोळी अंगी लागत नाई, कोणी तरी सुधरवा. बाई लय हुशार हाय म्हणत, एक दिवस तीच करून दाखवीन म्हणत." तिने पदर सारखा केला. "विचारलं असतं तं मले बी कळलं असतं. दोन दिवे दिसले त्याच दिवशी मी बंद केली असती."

"तुमच्यावर आता काही नाही, बाई," मी म्हणालो. "तुम्ही सुटलात. पोरगी तुमच्याचजवळ राहील."

तिने मुलीला आत पाणी आणायला पाठवलं. ती आत गेल्याची खात्री करून मग माझ्याकडे पाहिलं.

"पोलिसाले एक सांगतलं नाई मी," ती हळू म्हणाली. "त्या दिवशी सकाळी ते नको म्हणत होते. म्हणे, आज राहू दे, डोकं फिरून राहिलं. मी रागावली. म्हटलं, महिनाभर झटका आला नाई, अन् आता नखरे करता? मांडीवर डोकं घेतलं, अन् चमच्यानं पाजली."

मी पुस्तकी उत्तर दिलं. ती एक गोळी घेतली नसती तरी काही फरक पडला नसता, औषध आधीच साठलं होतं, असं समजावून सांगितलं. ते खरंही आहे. तिने मान हलवली. मला बरं वाटावं म्हणून हलवली, हे मला कळलं. चारुलता पाण्याचा पेला घेऊन आली आणि तो मी उभ्यानेच प्यायलो.